बारा जण, तीन गाड्या आणि कॉझिऑस्को

प्रश्न: आम्ही सिडनीत शिकणारे बारा विद्यार्थी, त्यांतले आठ मराठी. जानेवारीच्या लाँग वीकेंडला तीन दिवस स्नोई माउंटन्समध्ये जाऊन माउंट कॉझिऑस्को हे ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात उंच शिखर करायचं आणि जमेल तेवढे प्राणी बघायचे, असा बेत आहे. हरिश्चंद्रगड, राजगड, कळसूबाई झालेले आहेत, त्यामुळे चालण्याची काळजी नाही. पण साप, कोळी, कांगारू यांच्या गोष्टी ऐकून घरचे हादरलेत, रोज फोन येतो. तयारी काय करावी? वॉम्बॅट नक्की कुठे दिसतो? आणि शिखरावर गारद म्हटली तर कुणी हरकत घेईल का?

उत्तर: मी पुण्यात असताना गडांवर भटकत होते. लग्नानंतर कॅनबेराला आले, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. इथल्या विद्यार्थ्यांच्या गटांना डोंगरात घेऊन जाणं हा आधी माझा छंद होता, आता जवळपास दुसरी नोकरीच आहे. कॉझिऑस्कोला किती वेळा गेले ते मोजणं मी कधीच सोडून दिलं.

एवढ्या वर्षांत माझ्या गटातल्या एकालाही साप चावलेला नाही. दोन वेळा कांगारू गाडीवर आदळला. एकदा एक मुलगी थंडीनं इतकी काकडली की धड बोलता येईना. एकदा दोन मुलं चुकीच्या गावात उतरली. उन्हानं भाजलेल्या माना आणि सोललेली नाकं तर दर वर्षीचीच. घरच्यांना ही यादी वाचून दाखवा. ते सापांबद्दल विचारतात, तुम्ही संध्याकाळच्या रस्त्याबद्दल विचार करायला हवा.

तरी आकडे हवेत तर घ्या. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा संशोधकांचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात हाच आकडा वर्षाला दोन-तीनच्या आसपास असतो. राजगडावर जाताना तुमच्या आईनं सापावरून एवढे फोन केले होते का?

रस्ता

सिडनीहून डोंगराच्या पायथ्याचं जिंडाबाइन गाव साधारण ४६० किलोमीटर. नकाशा पाच-सव्वापाच तास दाखवतो, पण त्यात जेवण, पेट्रोल, कुणाची तरी राहिलेली कॉफी धरलेली नसते. सात तास धरा. विद्यार्थ्यांची ठरलेली पद्धत मला माहीत आहे: शुक्रवारी शेवटचं लेक्चर किंवा दुकानातली शिफ्ट संपवायची, सहाला निघायचं आणि मध्यरात्री पोहोचायचं. हे करू नका. दिवसभर राबलेला चालक, अनोळखी रस्ता आणि चरायला बाहेर पडलेली कांगारू यांची गाठ नेमकी त्याच वेळी पडते.

कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त हलतात. वाटेतलं कूमा गाव सोडलं की जिंडाबाइनपर्यंतचा पट्टा उघड्या माळरानाचा आहे. रस्त्याकडेला मेलेली जनावरं दिसायला लागतात, त्यावरूनच कळतं. एक कांगारू रस्ता ओलांडून गेला की हुश्श म्हणून वेग वाढवू नका, मागे दुसरा असतोच. समोर आलाच तर सरळ रेषेत, जमेल तेवढा जोरात ब्रेक दाबायचा. स्टिअरिंग फिरवायचं नाही. आपल्याकडे म्हैस आली की बाजूनं गाडी काढायची सवय हाताला असते, ती इथे ताशी १०० च्या वेगाला जीव घेते. गाडी झाडावर जाते किंवा समोरच्या लेनमध्ये. जनावराला धडक बसणं वाईटच, पण त्यात गाडीचं बॉनेट जातं, माणसं बहुधा वाचतात.

वॉम्बॅटचं निराळं. तो पंचवीस-तीस किलोचा, ठेंगणा, गच्च भरलेल्या पोत्यासारखा प्राणी. रात्री दिव्यांत तो दगडासारखा दिसतो आणि गाडीखाली येतोही दगडासारखाच. उलटू शकते गाडी.

म्हणून सकाळी सहाला निघा. दर दोन तासांनी थांबा, चालक बदला. दुपारी एक-दीडपर्यंत जिंडाबाइनला पोहोचाल. जानेवारीत सूर्य रात्री आठनंतर मावळतो, त्यामुळे तंबू लावून, पोहे करून, नदीवर चक्कर मारूनही उजेड उरतो. परतीचंही तसंच: शिखर करून त्याच संध्याकाळी सिडनीला निघायचं नाही. अठरा किलोमीटर चाललेल्या माणसाच्या हातात रात्रीची गाडी देऊ नये.

साध्या कार परवान्यावर न्यू साउथ वेल्समध्ये चालक धरून बारा जणांची व्हॅन चालवता येते, त्यामुळे ती घ्यायचा मोह होईल. सगळे एकत्र, गाणी, अंताक्षरी! माझं मत तीन गाड्यांच्या बाजूनं आहे. प्रत्येक गाडीत दोन परवानाधारक, म्हणजे झोप आलेल्याला उठून मागे बसता येतं. आणि डोंगरात एखाद्याला लवकर खाली न्यायचं झालं तर सगळ्यांना उतरावं लागत नाही. परवान्याचं मात्र तपासा. या राज्यात २०२३ पासून नियम बदललाय. तात्पुरत्या व्हिसावर सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांना इथला परवाना घ्यावा लागतो. तुमच्यातले कितीजण अजून महाराष्ट्राच्या परवान्यावर चालवताहेत, ते निघण्याआधी मोजा. भाड्याच्या गाडीचा करारही वाचा. रात्री गावाबाहेर जनावराला धडकल्यास विमा मिळणार नाही, कच्च्या रस्त्यावर मिळणार नाही, अशा अटी अनेक करारांत असतात आणि त्या बारीक अक्षरांत असतात.

धडक बसलीच तर गाडी सुरक्षित जागी घ्या, दिवे लावा आणि जनावर मेलं असलं तरी ते मादी आहे का बघा. पोटाच्या पिशवीत जिवंत पिल्लू असू शकतं. ते स्तनाला चिकटलेलं असेल तर ओढून काढू नका, तोंड फाटतं. ‘वायर्स’ ही वन्यजीव बचाव संस्था या राज्यात सगळ्यांना माहीत आहे, त्यांचा क्रमांक सहाही चालकांच्या फोनमध्ये आधीच हवा. आमच्या दोन धडकांपैकी एकीत असं पिल्लू जिवंत निघालं. गाडीतल्या एका मुलाच्या लोकरी टोपीत, त्याच्या जॅकेटच्या आत, ते कूमापर्यंत गेलं. वाटेत कुणी एक शब्द बोललं नाही. गाणीही कुणी लावली नाहीत.

डोंगर

कॉझिऑस्को २,२२८ मीटर. कळसूबाई १,६४६. आकडा ऐकून छाती दडपू देऊ नका. चढ म्हणून पाहिलं तर कळसूबाई यापेक्षा खूपच अवघड आहे. १८४० मध्ये स्ट्रेझलेकी नावाचा पोलिश संशोधक इथे चढला. त्याला या डोंगराचा घाट क्राकोमधल्या ताडेउश कोश्चुश्को या सेनानीच्या स्मारक-टेकाडासारखा वाटला आणि नाव पडलं. टेकाडच. हरिश्चंद्रगडाची अवघड नळीची वाट केलेल्यांना पहिल्या तासात ‘हे एवढंच?’ असं वाटतं, आणि त्या वाटण्यातूनच पुढचे घोळ होतात.

वाटा दोन. थ्रेडबो गावातून खुर्चीच्या लिफ्टनं वर जायचं आणि लोखंडी जाळीच्या पायवाटेवरून जाऊन-येऊन १३ किलोमीटर चालायचं, ही एक. ती जाळी आपल्या सोयीसाठी नाही, खालचं नाजूक गवत आणि फुलं वाचावीत म्हणून घातलेली आहे. फोटोसाठी तिच्यावरून उतरू नका. दुसरी शार्लट पासहून, जुन्या मोटाररस्त्यानं, जाऊन-येऊन १८ किलोमीटर. तुमच्यासारख्या धडधाकट गटाला मी दुसरी सुचवेन. लिफ्टचे पैसे वाचतात, शेवटची खुर्ची सुटण्याची धाकधूक नसते, सुरुवातीलाच स्नो गमची झाडं लागतात. वाऱ्या-बर्फानं पिळवटलेली, सालींवर हिरवे-तांबडे पट्टे असलेली ही झाडं, ओल्या दिवशी तर त्यांचे रंग डोळ्यांत भरतात. २२ किलोमीटरचा मेन रेंजचा फेराही आहे, हिमनद्यांनी कोरलेली तळी दाखवणारा. पहिल्या खेपेला बारा जणांनी तो करू नये. चौघांनी पुन्हा या आणि करा.

दोन्ही वाटा रॉसन पास या खिंडीत मिळतात आणि तिथून शिखर दीड-पावणेदोन किलोमीटर. हे ‘मिळतात’ नीट लक्षात ठेवा, कारण माझी फजिती तिथेच झाली.

फेब्रुवारी महिना होता. आम्ही चौदा जण शार्लट पासहून निघालो. सकाळी आकाश निळंभोर, अर्ध्या मुलांच्या अंगात टी-शर्ट आणि जीन्स. मी पुढे होते, कारण पुढची मुलं पळत होती आणि मला त्यांना आवरायचं होतं. मागे कुणाला नेमलं नाही, ही माझी चूक. शिखरावर पोहोचलो तेव्हा पश्चिमेकडून ढग आले, वीस मिनिटांत दहा हातांवरचं दिसेना, आणि मग गारा. फेब्रुवारीत. या डोंगरावर वर्षाच्या कुठल्याही महिन्यात बर्फ पडू शकतो, हे मला ठाऊक होतं. मुलांना सांगितलंही होतं. पण खाली ३० अंश असताना ते कुणाला खरं वाटत नाही.

जो तो घाईनं उतरायला लागला. रॉसन पासला दोन मुलं समोरच्या गर्दीमागून गेली. ती गर्दी थ्रेडबोची होती. आमच्या गाड्या शार्लट पासला. दोन गावांमधलं अंतर डोंगरावरून काहीच नाही, पण रस्त्यानं जिंडाबाइनला वळसा घालून सत्तरेक किलोमीटर. मुलं सुखरूप खाली पोहोचली, गरम चॉकलेट पीत बसली. आम्ही मात्र दोन तास वर त्यांना हाका मारत होतो. आणि त्या दोन तासांत, भिजलेल्या जीन्समध्ये उभी असलेली एक मुलगी आधी खूप थरथरली, मग थरथरायची थांबली आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायला लागली. थरथर थांबणं हे बरं वाटण्याचं लक्षण नसतं, उलट असतं. तिला आम्ही सीमन्स हट या दगडी झोपडीत नेलं, ओले कपडे काढले, दोघींच्या मध्ये कोरड्या स्लीपिंग बॅगेत बसवलं, गोड चहा पाजला. तासाभरानं ती रडायला लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

ती झोपडी १९२९ ची आहे. १९२८ च्या हिवाळ्यात लॉरी सीमन आणि इव्हान हेज हे दोघे स्कीवरून शिखराकडे गेले आणि बर्फाच्या वादळात मेले. सीमनच्या आईवडिलांनी दिलेल्या पैशांतून ती बांधली गेली. मुक्कामासाठी ती नाही, अडलेल्यांसाठी आहे. जाताना पाच मिनिटं आत डोकावा.

यावरून तुमच्यासाठी चार गोष्टी निघतात. पहिली, कपडे. सह्याद्रीतला पाऊस ऊबदार असतो, भिजून नाचावं असा. इथला नाही. सुती कपडा भिजला की अंगाला चिकटून ऊब शोषत राहतो. आतून पटकन वाळणारा कृत्रिम कपडा, वर फ्लीस, सगळ्यांत वर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट. टोपी, हातमोजे. होय, जानेवारीत. जीन्स तंबूत ठेवा. जॅकेट नसेल तर विद्यापीठांचे गिर्यारोहण क्लब भाड्यानं देतात, विचारा.

दुसरी, क्रम. सगळ्यांत पुढे एक आणि सगळ्यांत मागे एक, दोघंही नेमलेले. मागचा कधीही कुणाच्या पुढे जाणार नाही. बारांच्या तीन चौकड्या करा, प्रत्येक चौकडीत एकमेकांना चांगलं ओळखणारे. प्रत्येक फाट्यावर, म्हणजे झोपडीपाशी, रॉसन पासला आणि शिखरावर, मोजणी. पुढच्यांनी मागच्यांना गाठू द्यायचं आणि त्यांनाही पाच मिनिटं बसू द्यायचं. मागचे पोहोचले की पुढचे लगेच उठतात, ही गटांची जुनी खोड आहे. त्यात बिचाऱ्या मागच्याला विश्रांती कधीच मिळत नाही.

तिसरी, घड्याळ. साडेसातला चालायला सुरुवात करा. लाँग वीकेंडला शार्लट पासला गाडी लावायला जागा मिळायची तर तसंही लवकर जावंच लागतं. शिखर झालं असो वा नसो, दुपारी एक वाजता परत फिरायचं, हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा. वर गेल्यावर ठरवू म्हणाल तर ठरत नाही. विजा चमकायला लागल्या तर एकची वाट बघू नका. झाडं अठराशे मीटरच्या जरा वर संपतात, पुढे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच.

चौथी, कुणाला तरी माहीत असणं. हरिश्चंद्रगडावर रस्ता चुकलात तर पायथ्याच्या पाचनईचा कुणीतरी मामा हाक देतो, झोपडीत भाकरी मिळते. इथे वस्तीच नाही. चहाची टपरी नाही, वाटाड्या नाही, फोनची रेंज असली तर असली. म्हणून पोलीस आणि पार्क खात्यानं सहलीचा बेत नोंदवायची सोय केली आहे. कोण, कुठे, कधी परतणार, हे कळवून ठेवायचं. जिंडाबाइनच्या अभ्यागत केंद्रात आणीबाणीत उपग्रहाला संदेश पाठवणारं बीकन फुकट, वापरून परत करायच्या बोलीवर मिळतं. ते घ्या. बटण दाबायची वेळ येणार नाही, पण घ्या. फोन लागत असेल तर आणीबाणीचा क्रमांक ०००. इथला विद्यार्थी आरोग्य विमा तुम्हा सगळ्यांकडे असतोच, त्यात तातडीची रुग्णवाहिका बसते. त्यामुळे पैशांचा विचार करत मित्राला तीन तास बसवून ठेवू नका.

आणि ऊन. वारा गार असतो म्हणून भाजतंय हे कळत नाही. जानेवारीत इथला अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे अगदी टोकाच्या पातळीला जातो. आपण सावळे, आपल्याला काय होतं, असं म्हणणारा एक तरी असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच मानेला दही लावायची वेळ येते. रुंद कडांची टोपी, पन्नासचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी. जानेवारीत मार्च फ्लाय नावाच्या मोठ्या चावऱ्या माशाही असतात. माझ्या अनुभवात त्या गडद निळ्या कपड्यांवर तुटून पडतात, म्हणून फिकट रंग घाला.

साप, एकदाचं

असतात. या उंचीवर हायलँड कॉपरहेड भेटू शकतो, थंड सकाळी ऊन खायला वाटेवर येतो. तुम्ही थांबलात की तो जातो. जात नसेल तर तुम्ही चार पावलं मागे जा. साप चावलेल्यांत त्याला मारायला, हटवायला किंवा फोटोला जवळ गेलेले बरेच असतात. घोट्याच्या वर जाणारे बूट, गवतात हात न घालणं, रात्री तंबूबाहेर जाताना टॉर्च, एवढं पाळा.

चावलाच तर इथला उपाय आपल्याकडच्यापेक्षा वेगळा आहे, तो नीट शिकून घ्या. भारतात घोणस आणि फुरसं आहे. त्यांचं विष चावलेल्या जागेचं मांसच नासवतं, म्हणून तिथे दाबपट्टी सरसकट सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियात त्या कुळातले साप मुळातच नाहीत. इथले विषारी साप नाग-मण्यारच्या कुळातले. त्यांचं विष मुख्यतः लसीकावाहिन्यांतून (रक्तातून पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) पसरतं आणि स्नायू हलले की पुढे ढकललं जातं. १९७०च्या दशकाच्या शेवटी स्ट्रूअन सदरलँड या संशोधकानं दाखवून दिलं की पूर्ण हातापायावर घट्ट ताणपट्टी बांधून तो अवयव अजिबात हलू दिला नाही, तर विष बराच वेळ अडून राहतं. तेव्हापासून हा इथला ठरलेला उपचार आहे. मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितपत घट्ट, आधी चावलेल्या जागेवर, मग बोटांपासून वर जेवढं जाईल तेवढं. पँट काढत बसू नका, वरूनच बांधा. काठीचा आधार द्या. चावलेली जागा पट्टीवर पेनानं खूण करून ठेवा. धुऊ नका, कारण त्वचेवर उरलेल्या विषावरून दवाखान्यात तपासणी होऊ शकते. दोरी आवळणं, चिरणं, चोखणं यांतलं काही नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रुग्णानं एक पाऊलही चालायचं नाही. मदत त्याच्याकडे आली पाहिजे. प्रत्येक चौकडीकडे दहा सेंटिमीटर रुंदीच्या अशा दोन-तीन पट्ट्या हव्यात. पहिल्या रात्री एकमेकांच्या पायावर बांधून बघा. हसत-खिदळत शिकलेलं हात विसरत नाही.

कोळ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. बूट घालण्याआधी झटका, बस.

प्राणी

वॉम्बॅट. तंबूंची जागा थ्रेडबो नदीकाठी घ्या. अल्पाइन वे रस्त्यालगत न्गारिगो आणि थ्रेडबो डिगिंग्ज अशा दोन जागा आहेत, लाँग वीकेंडला आरक्षणाशिवाय जाऊ नका. सूर्य मावळला की गवताळ कडेनं, टॉर्च जमिनीकडे धरून, हळू चाला. आधी दिसेल ती त्याची विष्ठा: चौकोनी, फाशांसारखी, मुद्दाम दगडावर किंवा ओंडक्यावर ठेवलेली. आतड्याच्या भिंतीची लवचीकता सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे हे कोपरे तयार होतात, असं संशोधकांनी शोधलं आणि त्यांना २०१९ चं गमतीदार इग् नोबेल मिळालं. वॉम्बॅट दिसला की खाली बसा आणि त्याला चरू द्या. उचलायला, कुरवाळायला जाऊ नका. २०२५ मध्ये एका परदेशी बाईनं व्हिडिओसाठी आईपासून पिल्लू उचललं, तेव्हा अख्खा देश तिच्यावर खवळला होता.

कांगारूला खायला घालू नका. पाव-चपातीनं त्यांच्या जबड्याला रोग होतो, आणि एकदा चटावलेला नर माणसाच्या पिशव्या हिसकायला लागतो. ताठ उभा राहिलेला मोठा नर तुमच्याएवढा उंच असतो आणि त्याच्या मागच्या पायांत पोट फाडायची ताकद असते. त्याला पाठ दाखवून सेल्फी काढायची नाही.

प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा पाण्यातला प्राणी, बघायचा तर तिसऱ्या दिवशी पहाटे नदीच्या संथ डोहापाशी बसा. चौकडी-चौकडीनं, वेगवेगळ्या डोहांवर. वर्तुळं उठताना दिसतात, मग चोच. दोन मिनिटांत पुन्हा बुडी. बोलणाऱ्या बारा जणांना तो दिसणार नाही. नर सापडलाच हातात तर त्याच्या मागच्या पायाच्या नखीत विष असतं, पण पाण्यात उतरायचंच नाही, तेव्हा तो प्रश्न येत नाही. बर्फाचं पाणी आहे ते, पोहणारा माणूसही आखडतो.

जो प्राणी तुम्हाला दिसणार नाही, त्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. शिखराच्या वाटेवर मोठमोठ्या खडकांचे ढीग दिसतील. त्यांच्या फटींत माउंटन पिग्मी पॉसम हा उंदरासारखा, पोटाला पिशवी असलेला प्राणी राहतो. पेलाभर उंचीचा, वजन पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर. हिवाळ्यात बर्फाखाली झोपून राहतो. १९६६ पर्यंत हा प्राणी फक्त जीवाश्मांवरून माहीत होता, नामशेष झालाय असं धरलेलं होतं. त्या वर्षी व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथमच्या एका स्कीच्या झोपडीत तो जिवंत सापडला. त्याचं वसंतातलं मुख्य खाणं म्हणजे बोगाँग पतंग. हे पतंग शेकडो किलोमीटरवरच्या सपाट मुलखातून रात्री उडत इथे येतात आणि उन्हाळाभर गार खडकांच्या फटींत कौलांसारखे एकावर एक रचून बसतात. ते वाट शोधायला ताऱ्यांचा आधार घेतात, असं २०२५ मध्ये सिद्ध झालं. या भागातल्या न्गारिगो आणि इतर आदिवासी जमाती हजारो वर्षं उन्हाळ्यात डोंगरावर जमत, पतंग भाजून खात, लग्नं-वाटाघाटी करत. एक प्रकारची जत्राच. २०१७-१८ च्या दुष्काळात पतंगांची संख्या एकदम कोसळली आणि पॉसमच्या पिल्लांची उपासमार झाली. तुम्ही खडकावर बसून थेपले खाल तेव्हा खाली कुणीतरी झोपलेलं असेल, म्हणून फटींत संत्र्याची साल कोंबू नका. इथे ती कुजायला वर्ष जातं.

बाकीचं भराभर

शेकोटी नाही. उन्हाळ्यात फायर बॅन लागतो, रोज सकाळी ‘हॅझर्ड्स निअर मी’ हे ॲप उघडून बघा, वणव्याचा इशारा वाढला तर सहल रद्द करा, पैसे गेले तरी. गॅसची शेगडी तंबूच्या आत कधीही नाही, पाऊस आला तरी नाही. त्या धुरात वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. नदीचं पाणी उकळून प्या. अन्न गाडीत ठेवा, करावांग नावाचा काळा पक्षी पिशवीची चेन उघडतो, हे मी थट्टेनं सांगत नाही. रॉसन पासला शौचालय आहे, तेच वापरा. तळ्यांच्या पाणलोटात तंबू लावायला बंदी आहे. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही, तो घरी ठेवा. पार्कात गाडी नेण्याचं दैनिक शुल्क असतं, तीन गाड्यांचं धरा.

गारद म्हणा. कुणी हरकत घेणार नाही. पोलिश मंडळीही कोश्चुश्कोच्या नावासाठी इथवर येतात. आमच्या गटानं म्हटली तेव्हा एक आजोबा पुढे येऊन विचारायला लागले की हा तुमचा राजा कोण, आणि मग त्यांनी आम्हाला त्यांचा सेनानी कोण ते सांगितलं. फक्त एकदाच म्हणा, स्पीकरवर नको. आणि त्याआधी बारा डोकी मोजा.